घटक ६ : ई-प्रवासपरवानगीचे साक्षेपी वाचन

अनुक्रम
६.० उद्दिष्टे
६.१ प्रास्ताविक
६.२ विषय-विवेचन
 ६.२.१ दस्तऐवज आणि दप्तर
 ६.२.२ भारताची ई-व्हिसा व्यवस्था
 ६.२.३ अधिकृत, मध्यस्थ आणि तोतया
 ६.२.४ पडताळणीची पाच पावले
 ६.२.५ परवानगीपत्राची भाषा
 ६.२.६ एक नमुना-प्रसंग
 ६.२.७ भारतीय प्रवाशाच्या दृष्टीने
६.३ सारांश
६.४ पारिभाषिक शब्द
६.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे
६.६ स्वाध्याय

६.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला :
• इलेक्ट्रॉनिक प्रवासपरवानगी म्हणजे काय, हे सांगता येईल.
• अधिकृत संकेतस्थळ, खाजगी मध्यस्थ आणि बनावट संकेतस्थळ यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• परवानगीपत्रातील मजकूर शब्दशः वाचून त्याची सत्यता पडताळता येईल.
• 'स्वीकारणे', 'विचारात घेणे' आणि 'मंजूर करणे' या क्रियापदांतील अर्थभेद व्यवहारात उपयोगात आणता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, यापूर्वीच्या घटकांत आपण अर्ज, परिपत्रक आणि अधिसूचना यांच्या भाषेचा परिचय करून घेतला. ते सर्व दस्तऐवज आपल्या हाती कागदाच्या रूपाने येतात. त्यांवर सही असते, शिक्का असतो, जावक क्रमांक असतो. या घटकात आपण अशा एका दस्तऐवजाचा विचार करणार आहोत, जो संगणकावर जन्मतो आणि ई-पत्राने आपल्यापर्यंत पोहोचतो. त्यावर शाईची सही नसते. त्याचे नाव इलेक्ट्रॉनिक प्रवासपरवानगी.

व्यावहारिक मराठीच्या अभ्यासक्रमात हा विषय का, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपल्या घरातच आहे. मुलगा किंवा मुलगी परदेशी स्थायिक झालेली असते, नातवंडांचा जन्म तिकडचा असतो, त्यांच्याजवळ त्या देशाचा पासपोर्ट असतो. ती भारतात यायची ठरली की परवानगीचा कागद मोबाईलवर येतो आणि घरातील शिकलेल्या व्यक्तीला विचारले जाते, "हा कागद बरोबर आहे ना, जरा बघ." हे 'बघणे' म्हणजे नेमके काय करणे, हाच या घटकाचा विषय आहे. कागद खोटा असेल तर केवळ पैसेच जातात असे नाही. विमानतळावरून परत फिरावे लागते, आणि ज्या प्रसंगासाठी यायचे होते तो प्रसंग पुन्हा येत नाही.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ दस्तऐवज आणि दप्तर

प्रवासासाठी परवाना ही कल्पना नवी नाही. 'दस्तक' आणि 'राहदारी' हे शब्द मराठीत जुने आहेत. मालासह किंवा मालाशिवाय निर्वेध जाण्याचा परवाना म्हणजे दस्तक. अशा कागदांचा गैरवापर होऊ नये म्हणून राज्यकारभारात काही दक्षता घेतली जात असे. मराठेशाहीतील राजपत्राच्या आरंभी शिक्का आणि अखेरीस मोर्तब उमटवीत. मजकूर जेथे संपला तेथे मोर्तब आल्यामुळे पुढे कोणाला भर घालता येत नसे. याखेरीज, पत्राची नोंद दप्तरात झाल्याची खूण म्हणून 'बार' असा शेरा आढळतो.

यांतील शेवटची खूण आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. शिक्का पाहून नक्कल करता येते, हस्ताक्षराचे वळणही गिरवता येते. परंतु दप्तरातील नोंद बाहेरच्या माणसाला निर्माण करता येत नाही. म्हणून शंका आल्यास कागदावरून दप्तराकडे जावे लागते. इतिहासाचे अभ्यासक 'अस्सल' आणि 'नक्कल' यांचा निर्णय करताना हेच करतात : एका कागदावर विसंबून न राहता तो इतर नोंदींशी ताडून पाहतात.

इलेक्ट्रॉनिक प्रवासपरवानगीच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच खरी आहे. येथे परवानगी म्हणजे तो कागद नव्हेच. परवानगी म्हणजे संबंधित शासनाच्या संगणकीय दप्तरातील नोंद. आपल्याकडे आलेला कागद हा त्या नोंदीची केवळ प्रत असतो. बोधचिन्ह, राजमुद्रा, छायाचित्र, ठळक अक्षरे हे सर्व घरबसल्या तयार करता येते. त्यामुळे 'कागद खरा दिसतो का?' या प्रश्नाने काहीच सिद्ध होत नाही. 'या कागदाची नोंद मूळ दप्तरात आहे का?' हा खरा प्रश्न होय.

६.२.२ भारताची ई-व्हिसा व्यवस्था

विवेचनाच्या सोयीसाठी आपण भारताचेच उदाहरण घेऊ. परदेशी पर्यटकांना इलेक्ट्रॉनिक प्रवासपरवानगी देण्याची व्यापक योजना भारत सरकारने २७ नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू केली. प्रारंभी ती ४३ देशांच्या नागरिकांसाठी आणि ९ विमानतळांपुरती होती. त्या ९ विमानतळांत मुंबई आणि गोवा यांचा समावेश होता. पहिल्या यादीतील देशांत अमेरिका, इस्राएल, मॉरिशस आणि ऑस्ट्रेलिया हे देश होते. म्हणजे जेथे मराठी भाषकांची वस्ती आहे असे अनेक देश आरंभापासूनच या योजनेत आले. २०१५ मध्ये योजनेला 'ई-टुरिस्ट व्हिसा' हे नाव मिळाले आणि पुढे व्यवसाय, वैद्यकीय उपचार इत्यादी प्रकार जोडले जाऊन 'ई-व्हिसा' हे व्यापक नाव रूढ झाले.

या व्यवस्थेतील टप्पे पुढीलप्रमाणे आहेत. प्रवासी शासनाच्या संकेतस्थळावर अर्ज भरतो, छायाचित्र व पासपोर्टचे माहितीपृष्ठ जोडतो आणि शुल्क भरतो. अर्ज येण्याच्या दिनांकाच्या किमान ४ दिवस आधी करावा लागतो. अर्ज मंजूर झाल्यावर प्रवासपरवानगी ई-पत्राने पाठवली जाते. तिची प्रत जवळ बाळगून प्रवासी नेमून दिलेल्या विमानतळावर किंवा बंदरावर उतरतो आणि तेथील इमिग्रेशन कक्षात बोटांचे ठसे व छायाचित्र घेऊन त्याला प्रवेश दिला जातो. बालकासाठीही स्वतंत्र अर्ज करावा लागतो. एकदा भरलेले शुल्क परत मिळत नाही.

कागदाची पहिली तपासणी भारतात होत नाही, ती प्रवासाच्या आरंभीच होते, हेही लक्षात घ्यावे. आवश्यक कागदपत्रे नसलेल्या प्रवाशाला आणल्यास विमान कंपनीला दंड होऊ शकतो. त्यामुळे विमानात चढू देण्यापूर्वीच कंपनीचे कर्मचारी परवानगी पाहतात. पूर्वी ही तरतूद २००० सालच्या स्वतंत्र कायद्यात होती. तो कायदा आणि परकीय नागरिकांविषयीचे आणखी ३ जुने कायदे यांची जागा आता २०२५ च्या इमिग्रेशन व परकीय नागरिकविषयक कायद्याने घेतली आहे. बनावट पासपोर्ट किंवा व्हिसा जाणूनबुजून वापरणे अथवा पुरवणे यासाठी या कायद्यात २ ते ७ वर्षांचा कारावास आणि १ ते १० लाख रुपये दंड अशी शिक्षा सांगितली आहे. फसवला गेलेला प्रवासी आणि फसवणारा यांत कायदा भेद करतो. तथापि आपण फसवले गेलो हे परक्या विमानतळावर पटवून देत बसण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
योग्य शब्द लिहून वाक्ये पूर्ण करा.
(अ) मराठेशाहीतील राजपत्राच्या अखेरीस ______ उमटवीत.
(आ) ई-व्हिसासाठी अर्ज येण्याच्या दिनांकाच्या किमान ______ दिवस आधी करावा लागतो.
(इ) इलेक्ट्रॉनिक प्रवासपरवानगी म्हणजे मूलतः शासनाच्या दप्तरातील ______ होय.

६.२.३ अधिकृत, मध्यस्थ आणि तोतया

प्रवासपरवानगीचा शोध इंटरनेटवर घेतला असता ३ प्रकारची संकेतस्थळे समोर येतात.

पहिला प्रकार अधिकृत संकेतस्थळाचा. भारताच्या ई-व्हिसासाठी 'इंडियनव्हिसाऑनलाइन डॉट गव्ह डॉट इन' हे शासनाचे संकेतस्थळ आहे. 'गव्ह डॉट इन' हे अंत्यपद भारतात केवळ शासकीय संस्थांना दिले जाते.

दुसरा प्रकार खाजगी मध्यस्थाचा. हा आपल्या वतीने शासनाकडे अर्ज भरतो आणि शासकीय शुल्काखेरीज स्वतःचे सेवाशुल्क घेतो. प्रत्येक मध्यस्थ लबाड असतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र आपली वैयक्तिक माहिती आणि पासपोर्टची प्रत तिसऱ्याच्या हाती जाते, हे त्यात गृहीत असते. तो प्रामाणिक असेल तर शासनाने दिलेला अर्ज क्रमांक मागताक्षणी देतो.

तिसरा प्रकार तोतयाचा. 'तोतया' हा शब्द मराठी माणसाला परिचित आहे. १७६१ च्या पानिपतच्या युद्धानंतर सदाशिवरावभाऊंचे नाव घेऊन एक इसम पुढे आला. पुष्कळांनी त्यास खरा भाऊ मानले, त्याच्याभोवती सैन्य जमले आणि अखेर १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकर यांचे 'तोतयाचे बंड' हे नाटक याच प्रकरणावर आहे. भाऊ परत यावेत ही लोकांची इच्छा होती. तोतयाला त्या इच्छेचे बळ मिळाले. आजच्या तोतया संकेतस्थळांनाही प्रवाशाच्या घाईचे आणि ओढीचे बळ मिळते. आई आजारी आहे, लग्न चार दिवसांवर आले आहे, अशा वेळी 'तातडीची परवानगी, २ तासांत' हे शब्द वाचून माणूस शुल्क भरून मोकळा होतो. भारत सरकार ई-व्हिसासाठी 'तातडीचे शुल्क' असे कोणतेही जादा शुल्क आकारत नाही. त्यामुळे शासनाच्या नावाने असे शुल्क मागणारा मजकूर वाचताच सावध व्हावे.

६.२.४ पडताळणीची पाच पावले

(१) पत्ता उजवीकडून वाचावा. संकेतस्थळाच्या पत्त्यातील पहिल्या तिरप्या रेषेच्या डावीकडे जे शेवटचे पद असते त्यावरून मालकी कळते. तेथे 'गव्ह डॉट इन' असावयास हवे. 'गव्ह-इन डॉट कॉम' किंवा 'गव्ह डॉट इन डॉट अमुक डॉट कॉम' असे असल्यास ते शासनाचे नव्हे. दुसऱ्या उदाहरणातील मालक 'अमुक' आहे. पत्त्याशेजारचे कुलपाचे चिन्ह केवळ संवाद गुप्त असल्याचे सांगते. पलीकडे कोण बसले आहे ते सांगत नाही. तसेच शोधपृष्ठावर सर्वांत वर दिसणारी नोंद पुष्कळदा पैसे भरून दिलेली जाहिरात असते.

(२) दुव्यावर न जाता स्वतः दप्तराकडे जावे. आलेल्या ई-पत्रातील दुवा किंवा कागदावरील क्यूआर संकेत वापरून पडताळणी करू नये. बनावट कागदावरचा संकेत बनावट संकेतस्थळाकडेच नेतो आणि तेथे अर्थातच 'सर्व काही ठीक' असे दिसते. अधिकृत पत्ता स्वतः टंकित करावा.

(३) स्थिती पाहावी. अधिकृत संकेतस्थळावर अर्जाची स्थिती पाहण्याची सोय आहे. त्यासाठी अर्ज क्रमांक आणि पासपोर्ट क्रमांक लागतो. तेथे परवानगीची स्थिती 'ग्रँटेड' म्हणजे 'मंजूर' अशी दिसली पाहिजे. प्रवासास निघण्यापूर्वी ही खात्री करून घ्यावी अशी सूचना शासनानेच दिलेली आहे.

(४) कागद पासपोर्टशी अक्षरशः ताडावा. नाव, जन्मदिनांक, राष्ट्रीयत्व आणि पासपोर्ट क्रमांक एकेक अक्षर बोट ठेवून वाचावा. शून्य हा अंक आणि इंग्रजी 'ओ' हे अक्षर, एक हा अंक आणि 'आय' हे अक्षर यांत गफलत होते. खरी परवानगीदेखील चुकीच्या क्रमांकावर दिली गेली असेल तर ती त्या प्रवाशाच्या उपयोगाची नाही. अर्ज केल्यानंतर पासपोर्ट बदलला असल्यास तेही पाहावे. पासपोर्टची मुदत भारतात येण्याच्या दिवसापासून किमान ६ महिने शिल्लक असावी लागते.

(५) मुदत आणि प्रकार पाहावा. येथे अनेकांचा गोंधळ होतो. ३० दिवसांच्या ई-टुरिस्ट व्हिसात वास्तव्याचे ३० दिवस भारतात उतरल्यापासून मोजतात. कागदावरील 'समाप्तीचा दिनांक' हा प्रवेश करण्याचा शेवटचा दिनांक असतो. १ वर्षाच्या आणि ५ वर्षांच्या व्हिसाची मुदत मात्र परवानगी मिळाल्याच्या दिवसापासून सुरू होते. किती वेळा प्रवेश करता येईल आणि आपण उतरणार ते विमानतळ नेमून दिलेल्यांपैकी आहे का, हेही याच वेळी पाहावे.

६.२.५ परवानगीपत्राची भाषा

भाषेचे विद्यार्थी म्हणून आपल्याला आणखी एक साधन उपलब्ध आहे, ते म्हणजे वाक्याचे व्याकरण. पुढील ३ वाक्ये पाहा.

(अ) आपला अर्ज स्वीकारण्यात आला आहे.
(आ) आपला अर्ज विचाराधीन आहे.
(इ) आपल्याला प्रवासाची परवानगी मंजूर करण्यात आली आहे.

पहिल्या वाक्यात अर्ज पोहोचल्याचे सांगितले आहे, दुसऱ्यात त्यावर निर्णय व्हावयाचा असल्याचे, तर केवळ तिसऱ्यात निर्णय सांगितला आहे. घाईत असलेला वाचक पहिल्या वाक्याचा अर्थ तिसऱ्यासारखा घेतो. शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी समजणे, ही याच जातीची चूक होय. म्हणून प्रथम क्रियापद शोधावे.

त्यानंतर कर्ता शोधावा. 'मान्यताप्राप्त सेवेद्वारे आपली परवानगी सुनिश्चित केली जाईल' या वाक्यात मान्यता कोणी दिली, परवानगी कोण देणार, हे सांगितलेलेच नाही. शासकीय मराठीतही कर्मणी रचना विपुल असते, परंतु शासनाच्या पत्रात कार्यालयाचे नाव, अधिकाराचा आधार आणि नोंद क्रमांक यांतून कर्ता ओळखता येतो. जेथे कर्ता कोठेच सापडत नाही, तेथे वाचकाने थांबावे.

शेवटी सूर पाहावा. 'त्वरित भरा', 'अन्यथा कायमची बंदी', 'शेवटची संधी' असे शब्द वाचकाला विचार करू न देण्यासाठी योजलेले असतात. निर्णय कळवणाऱ्या पत्राला धमकीची गरज नसते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
चूक की बरोबर ते सांगा.
(अ) पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह असल्यास संकेतस्थळ शासनाचेच असते.
(आ) शुल्काची पावती म्हणजे परवानगी नव्हे.
(इ) परवानगीची पडताळणी कागदावरील क्यूआर संकेतानेच करावी.

६.२.६ एक नमुना-प्रसंग

आतापर्यंतचे विवेचन एका कल्पित प्रसंगाला लावून पाहू. साताऱ्यातील एका कुटुंबात आजींचे सहस्रचंद्रदर्शन आहे. मुलगा आणि सून अमेरिकेत राहतात, त्यांचे पासपोर्ट भारतीय आहेत. ३ वर्षांची नात अमेरिकेत जन्मली; तिचा पासपोर्ट अमेरिकी आहे आणि तिचे परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड, म्हणजेच ओसीआय कार्ड, अद्याप झालेले नाही. मुलाने इंटरनेटवर पहिल्या दिसलेल्या संकेतस्थळावर नातीसाठी अर्ज केला. प्रवासाला ९ दिवस असताना त्याने आलेला कागद साताऱ्याला पाठवला. घरी काकू मुक्त शिक्षणातून पदवीचा अभ्यास करीत आहेत. कागद त्यांच्याकडे आला.

काकूंनी प्रथम क्रियापद पाहिले. कागदावर राजमुद्रा होती, छायाचित्र होते, परंतु मजकूर 'अर्ज व शुल्क स्वीकारले' एवढाच होता. नंतर पत्ता पाहिला. तो 'डॉट कॉम'ने संपत होता. त्यांनी मुलाला मध्यस्थाकडून शासकीय अर्ज क्रमांक मागण्यास सांगितले. उत्तरादाखल 'तातडीचे शुल्क भरा, मग क्रमांक मिळेल' असा निरोप आला. कागदावर जो क्रमांक होता तो अधिकृत संकेतस्थळावर घालून पाहिला, तेव्हा तशी नोंदच आढळली नाही.

येथे महत्त्वाचे आहे ते शिल्लक असलेले दिवस. ९ दिवस हाती असल्याने अधिकृत संकेतस्थळावर नवा अर्ज करता आला. स्थिती 'मंजूर' झाल्यावर काकूंनी दूरध्वनीवर पासपोर्ट क्रमांक एकेक अक्षर वाचून घेतला आणि ताडून पाहिला. मुलाने आपल्या कार्ड कंपनीकडे पहिल्या व्यवहाराची तक्रार नोंदवली. नात आजींच्या मांडीवर बसून ओवाळणी पाहू शकली. हाच कागद प्रवासाच्या आदल्या रात्री पाहिला असता, तर दोष समजूनही उपाय उरला नसता. पडताळणी योग्य असणे जितके आवश्यक, तितकेच ती वेळेवर असणे आवश्यक आहे.

अशा प्रकारची फसवणूक भारतात घडल्यास सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर विनाविलंब कळवावे. पैसे पुढे वळते होण्यापूर्वी रोखले जाण्याची शक्यता त्यामुळे वाढते. ई-पत्रे, पावती आणि संकेतस्थळाचा पत्ता जपून ठेवावा. तक्रारीचा तोच पुरावा असतो.

६.२.७ भारतीय प्रवाशाच्या दृष्टीने

भारतीय पासपोर्टवर परदेशी जाणाऱ्यालाही हीच पद्धत लागू पडते. फक्त दप्तर दुसऱ्या देशाचे असते. शासकीय पत्त्याचे अंत्यपद देशागणिक वेगळे असते : श्रीलंकेत 'गव्ह डॉट एलके', ब्रिटनमध्ये 'गव्ह डॉट यूके', केनियात 'गो डॉट केई'.

येथे आणखी एक प्रश्न आधी विचारावा : ही परवानगी मला मिळूच शकते का? अमेरिकेची 'एस्टा', ब्रिटनची 'ईटीए' आणि कॅनडाची 'ईटीए' या परवानग्या व्हिसातून सूट मिळालेल्या किंवा विशिष्ट अटींत बसणाऱ्या प्रवाशांसाठी आहेत. केवळ भारतीय पासपोर्टच्या आधारे त्या मिळत नाहीत. त्या देशांचा व्हिसाच घ्यावा लागतो. तेव्हा अशा प्रवाशाला 'अमेरिकेची एस्टा काढून देतो' असे कोणी सांगितल्यास पुढील तपासाची गरजच उरत नाही. याउलट काही गोष्टी विनामूल्य असतात. थायलंडने १ मे २०२५ पासून आगमनापूर्वी भरावयाचे डिजिटल कार्ड सुरू केले. शासनाच्या संकेतस्थळावर ते भरण्यास शुल्क नाही. त्यासाठी पैसे मागणारे संकेतस्थळ शासनाचे नव्हे, हे उघड आहे.

६.३ सारांश

इलेक्ट्रॉनिक प्रवासपरवानगी ही शासनाच्या दप्तरातील नोंद असून हाती आलेला कागद तिची प्रत असतो. म्हणून कागदाच्या देखणेपणावरून सत्यता ठरवता येत नाही; अधिकृत संकेतस्थळावर स्वतः जाऊन नोंद पाहावी लागते. पत्ता, मार्ग, स्थिती, तपशील आणि मुदत ही पडताळणीची पाच पावले आहेत. मजकूर वाचताना क्रियापद, कर्ता आणि सूर यांकडे लक्ष दिल्यास पुष्कळशी फसवणूक वाचतानाच उघड होते. ही सर्व कामे चुकीची दुरुस्ती करण्याइतके दिवस हाती असताना करावीत.

६.४ पारिभाषिक शब्द

अस्सल : मूळ, खरा दस्तऐवज.
दप्तर : नोंदी व कागदपत्रे यांचा अधिकृत संग्रह.
दस्तक : जाण्या-येण्याचा किंवा मालवाहतुकीचा परवाना.
मोर्तब : मजकूर संपल्याची मुद्रा.
तोतया : दुसऱ्याचे नाव व रूप धारण करून फसवणारा.
अंत्यपद : संकेतस्थळाच्या पत्त्यातील मालकीदर्शक शेवटचा भाग.
विचाराधीन : ज्यावर निर्णय व्हावयाचा आहे असा.

६.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) मोर्तब (आ) ४ (इ) नोंद
प्रश्न २ : (अ) चूक (आ) बरोबर (इ) चूक

६.६ स्वाध्याय

१. 'कागद ही परवानगी नव्हे, परवानगीची प्रत होय.' हे विधान सोदाहरण स्पष्ट करा.
२. खाजगी मध्यस्थ आणि तोतया संकेतस्थळ यांतील फरक सुमारे १५० शब्दांत लिहा.
३. आपल्या संग्रहातील कोणतेही एक शासकीय पत्र घ्या. त्यातील कर्ता, मुख्य क्रियापद आणि नोंद क्रमांक शोधून काढा व त्यांवरून पत्राच्या सत्यतेविषयी काय सांगता येते ते लिहा.
४. परदेशातून येणाऱ्या आपल्या नातेवाईकांना परवानगीपत्र पडताळण्याविषयी मार्गदर्शन करणारे घरगुती पत्र लिहा. पत्राची भाषा साधी असावी. पाचही पावले त्यात आली पाहिजेत.